कुणी कुणाला दुखवायचं नाही

माझी मावसबहीण निदिया सेर्वीन हिचं पाराग्वेतल्या एन्कार्नासिओनला औषधांचं दुकान आहे. डोकं दुखतंय म्हणून कुणी आलं, तर ती आधी खुर्ची देते, मग पाणी देते, घरी काय बिनसलंय ते विचारते आणि सगळ्यांत शेवटी गोळी देते. निम्मी माणसं गोळी खिशात ठेवून बरी होऊनच बाहेर पडतात.

अशा बाईने लिहिणाऱ्यांसाठी एक जागा उघडली, यात नवल नव्हतं. साथीच्या वर्षी सगळं बंद होतं, नदीपलीकडे अर्जेंटिनातल्या पोसादासला जाणारा पूलही बंद होता, तेव्हा तिने फोनवर एक ग्रुप सुरू केला आणि त्याला नाव दिलं ‘ओसरी’. संध्याकाळी घरापुढे खुर्च्या टाकाव्यात, तेरेरेचा, म्हणजे आमच्या गार पाण्यातल्या चहाचा, पेला हातोहात फिरावा, जाणाऱ्या-येणाऱ्याने दोन घटका टेकावं, तसं. ज्याने काही लिहिलंय त्याने ते इथे वाचायला टाकावं, बाकीच्यांनी दोन शब्द बोलावेत. लेखक असायची अट नव्हती. माझं रंगांचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांच्या गमती मी लिहीत असतो, एवढ्यावर मलाही जागा मिळाली.

निदियाने हे का केलं, ते मला ठाऊक होतं. शाळा संपवून ती आसुन्सिओनला लेखकांच्या एका शिबिराला गेली होती. तिथल्या एका नावाजलेल्या गृहस्थाने तिची कविता उचलली आणि नाकात आवाज काढून सगळ्यांसमोर वाचली. सभागृह हसलं. ती त्याच संध्याकाळच्या बसने परत आली. पुढे कितीतरी वर्षं पेन हातात घेतलं ते फक्त हिशेबाला आणि पुड्यांवर ‘जेवणानंतर’ असं लिहायला. त्यामुळे ओसरीवर नवीन माणूस आला की ती स्वतः त्याला लिहायची, “ये, बस. इथे तुला कुणी हसणार नाही.”

पहिल्या वर्षात तिथे आला फेर्मीन रोतेला. सगळे त्याला मानाने काराई रोतेला म्हणायचे, काराई म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. उमर सत्तरीच्या पुढे. एका वर्तमानपत्रात उभा जन्म दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. स्वतःचं काही टाकायचा नाही. पण जे येईल ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा आणि अभिप्राय लिहायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट सुरुवात. मला त्याने लिहिलं होतं, “तुमचा विनोद दुसऱ्या ओळीत मेला. पुढे दोन पानं तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन फिरताय. पुरून टाका.”

त्या दिवशी मी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी दोन पानं कापली. गोष्ट सुधारली होती, झक मारत मान्य करावं लागलं.

निदियाकडे त्याच्याबद्दल तक्रारी यायच्या. ती त्याला गोड शब्दांत सांगायची, “काराई, जरा हळू.” तो उत्तर द्यायचा, “बरं, बाई.” आणि पुढच्या वेळी अगदी तितकंच सरळ लिहायचा. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण जिभेला साखर म्हणून नव्हती, हेही खरंच.

मग येरूती ओकाम्पोस आली. नर्सिंग शिकणारी पोर, विशीतली. तिने ‘पाण्याखालची घंटा’ नावाची कथा टाकली. धरणाचं पाणी चढून आमच्या गावाचा खालचा भाग, बंदराजवळची जुनी बाजारपेठ, नदीत गेली, त्या दिवसांची. येरूतीच्या आजीचं तिथे सुया, दोरे, लेस, बटणं विकायचं दुकान होतं. कथेत एका रात्रीत पाणी घरात शिरतं, माणसं काठावर उभी राहून हंबरडा फोडतात आणि पुढे कित्येक वर्षं नदीच्या तळातून चर्चची घंटा ऐकू येते. ओसरीवर लाल बदामांच्या आणि फुलांच्या चित्रांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, “रडवलंस गं पोरी.” कुणी लिहिलं, “आपल्या शहराला आवाज मिळाला.”

या सगळ्यांच्या खाली रोतेलाचा अभिप्राय आला. तो मी तेव्हाच वाचला होता, म्हणून आठवतोय.

“हे खोटं आहे. मी तिथे राहायचो. पाणी एका रात्रीत आलं नाही, ते येणार येणार म्हणून आम्ही वर्षानुवर्षं वाट पाहिली. वाट पाहून पाहून माणसं एकमेकांना विटली. दारं-खिडक्या आम्ही आमच्या हातांनी उचकटून नेल्या. शेवटच्या दिवशी कुणी रडलं नाही, सगळे ट्रकवाल्याशी भांडत होते. घंटा पाण्याखाली वाजत नाही. हे अश्रू तू दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उसने आणलेस. सबंध कथेत एकच वाक्य जिवंत आहे: गिऱ्हाईक येणार नाही हे माहीत असून आजी बटणं रंगांप्रमाणे लावत बसली. तिथून सुरू कर. बाकीचं फेकून दे.”

ओसरीवर एकच गोंधळ उडाला. पोरीची पहिली कथा! असं बोलतात का? हा म्हातारा स्वतःला समजतो कोण? बेनितो नावाचा एक कवी होता, दर आठवड्याला नवी प्रेमकविता टाकायचा. त्याने लिहिलं, “ज्यांना स्वतःला लिहिता येत नाही, ते दुसऱ्यांची पानं फाडतात.” त्यावरही बदाम पडले.

येरूती मात्र गप्प झाली. उत्तर नाही, आभार नाही. दुसऱ्या दिवशी तिने कथा काढून टाकली.

त्या दुपारी मी निदियाच्या दुकानात तेरेरे प्यायला गेलो, तर ती काउंटरवर कोपर टेकून फोनवर लिहीत होती. डोळे लाल.

“काय लिहितेस?”

“नियम.”

“कसले?”

“ओसरीचे. आजवर नियम नव्हते तीच चूक झाली माझी. ऐक.” आणि तिने वाचून दाखवले. ओसरीवर कुणी कुणाला दुखवायचं नाही. आधी चांगलं काय ते सांगायचं. लिहिणाऱ्याने विचारल्याशिवाय दोष दाखवायचे नाहीत. ज्याचे शब्द दुसऱ्याला लागतील, त्याला एकदा समज दिली जाईल. त्याने ती मानली नाही, तर त्याची खुर्ची आत उचलून ठेवली जाईल.

“छान आहेत,” मी म्हणालो. “पण रोतेलाचं काय करणार?”

“त्याने पोरीची माफी मागायची.”

“आणि नाही मागितली तर?”

तिने पेला माझ्यापुढे सरकवला.

“अगं, पण त्या मुलीला तरी विचार. तिला काय वाटलं ते.”

निदिया एकदम उसळली. “काय विचारायचं तिला? कथा काढून टाकली पोरीने! आणखी काय हवं? मला विचारलं होतं का कुणी, त्या सभागृहात? सगळे हसले आणि पाव खायला गेले. एकजण जरी उठून म्हणाला असता ना, की हे बरोबर नाही…” तेवढ्यात एक बाई खोकल्याचं औषध मागायला आली आणि निदियाने तिला खुर्ची दिली.

रोतेलाला तिने खाजगीत लिहिलं. त्याचं उत्तर तिने मला नंतर दाखवलं: “बाई, तुमचे नियम वाचले. आधी चांगलं सांगा म्हणता, ते मी सांगितलं आहे. एक वाक्य चांगलं आहे, ते दाखवलं. दुसरं नव्हतं, तर कुठून आणू? मुलीत दम आहे, म्हणून एवढं लिहिलं. ज्यांच्यात नाही त्यांना मी दोनच ओळी लिहितो. माफी मागितली, तर तिला वाटेल की मी वाचलं ते चुकीचं वाचलं. ते मला जमणार नाही.”

निदियाने त्याला ओसरीवरून काढलं. तसं जाहीरही केलं, नाव न घेता, फार सौम्य भाषेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेनितोने त्यावर कविता केली.

पुढचं वर्ष ओसरीचं भरभराटीचं गेलं. नियम लोकांना इतके आवडले, की दुसऱ्या शहरांतले ग्रुप ते मागून नेऊ लागले. कोर्दोबाहून, सान्ता क्रूसहून माणसं आली. कुणाचा आवाज चढायचा नाही. सकाळी उठून पाहावं तर सगळीकडे फुलं. निदिया खूश होती आणि तिला खूश पाहून मलाही बरं वाटायचं.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती एका फालतू प्रकाराने. मी एक लांबलचक गोष्ट टाकली होती. माझं एक गिऱ्हाईक बायकोच्या हट्टापायी घराला तीनदा रंग देतं, अशी. घाईत मधलं पान दोनदा चिकटलं. म्हणजे तो इसम भिंत गुलाबी करतो, बायको रुसते, तो परत दुकानात येतो आणि लगेच पुन्हा तीच भिंत गुलाबी करतो, तीच बायको त्याच शब्दांत रुसते. माझ्या लक्षात आलं तोवर अभिप्राय येऊन पडले होते. “काळजाला हात घातलात, सेल्सो!” “काय तो ओघ!” “शेवटपर्यंत खिळवून ठेवलं.” बेनितोने तर लिहिलं होतं, की गोष्टीत एकही शब्द जास्तीचा नाही.

मी ते निदियाला हसत हसत दाखवलं. ती हसली नाही. तिने गोष्ट पहिल्यापासून वाचली, ते पान आल्यावर थांबली, मग फोन पालथा ठेवला.

“मी पण बदाम टाकलाय,” ती म्हणाली.

“टाकलास खरा.”

“वाचलं नव्हतं रे. गिऱ्हाईक होतं. म्हटलं, सेल्सोला बरं वाटेल.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी येरूती दुकानात आली. मी तिथेच होतो. दुपारच्या उन्हाने लाल झालेली, नर्सचा पांढरा गणवेश घातलेली. तिला पट्ट्या आणि कापूस हवा होता. निदियाने तिला ओळखलं आणि काउंटरच्या बाहेर येऊन मिठीच मारली.

“येरूती! अगं, किती दिवस वाट पाहिली तुझी! ये ना परत ओसरीवर. आता काही भीती नाही. तो माणूस नाही तिथे.”

“कोणता माणूस, निदियाबाई?”

“तो रोतेला. काढून टाकला त्याला. तुला बोलला त्याच आठवड्यात.”

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. “काराई रोतेलांना काढलं? का?”

“का म्हणजे? तुला दुखवलं म्हणून.”

“पण मला कुणी विचारलं नाही.”

निदिया म्हणाली, “तू गप्प झालीस. कथा काढून टाकलीस. आम्हाला वाटलं…”

“दुखलं ना. दुखलं नाही असं नाही. दोन दिवस मी त्यांना शिव्या घालत होते. मग आजीकडे गेले. तिला म्हटलं, आजी, शेवटच्या दिवशी तू रडली होतीस ना? तर ती म्हणाली, रडायला वेळ कुठे होता, ट्रकवाला जास्तीचे पैसे मागत होता मेला.” येरूती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “मग तिने सगळं सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी नव्याने लिहायला घेतलं. सबंध वर्ष तेच लिहितेय. बटणांपासून सुरू केलं. झालं की ओसरीवर टाकायचं आणि त्यांना म्हणायचं, घ्या, आता वाचा. एवढ्यासाठी लिहीत होते मी.”

“मला सांगायचंस तरी,” निदिया कशीबशी म्हणाली.

“तिकडे बघतच नव्हते मी. बघितलं की वाटायचं, आताच टाकावी. म्हणून लांब राहिले.” मग तिने पट्ट्या पिशवीत भरल्या आणि खाली मान घालून, भांडणाचा सूर अजिबात न लावता म्हणाली, “तेवढ्या जणांमध्ये त्यांनी एकट्याने वाचली होती माझी कथा. आणि तुम्ही माझ्या नावाने त्यांना घालवलंत.”

पैसे ठेवून ती गेली. निदिया त्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. मी पाणी दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं.

त्याच रविवारी मी तिला माझ्या गाडीत घालून रोतेलाकडे घेऊन गेलो. खालच्या बाजारातल्या लोकांना वर नवी घरं मिळाली होती, एकासारखी एक. त्यातल्याच एकात तो एकटा राहायचा. ओसरी म्हणण्याइतकी जागा नव्हती, दारापुढे सिमेंटचा एक तुकडा होता. तिथे त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. घरात खोकी बांधून ठेवलेली दिसत होती. मी कल्पनेत उंच, कडक म्हातारा रंगवला होता. हा अंगाने सुकलेला, बोलताना घसा साफ करणारा, अगदी अदबीने वागणारा माणूस निघाला. त्याने तेरेरेच्या पाण्यात लिंबाची पानं चुरगळली आणि पहिला पेला निदियाला दिला.

“काराई, मी माफी मागायला आले,” ती म्हणाली.

“कशाची, बाई? तुमचे नियम चांगलेच होते.”

“नव्हते.”

“होते. मी उद्धट माणूस आहे. पेपरात होतो तेव्हा एका मित्राच्या लेखावर असंच काहीतरी लिहिलं. लेख सुधारला, मित्र गेला. तो मरेपर्यंत बोलला नाही माझ्याशी. बायको म्हणायची, फेर्मीन, तू माणसाला वाक्यासारखा वाचतोस.” त्याने पेला पुन्हा भरला. “तुम्ही काढलंत तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सकाळी उठून काय वाचायचं, तेच कळेना. आधी तुमच्यावर चिडलो. मग वाटलं, इतकी माणसं म्हणतायत म्हणजे त्यात काही असेलच.”

निदिया म्हणाली, “परत या. मी सगळ्यांसमोर सांगते, की चूक माझी होती.”

“आता नाही जमायचं. मुलगी ब्वेनोस आयरेसला नेतेय. डोळ्यांचंही काही ना काही चालू असतं.” त्याने खोक्यांकडे बोट दाखवलं. मग एकदम विचारलं, “ती मुलगी कशी आहे? तिचं लिहिणं माझ्यामुळे सुटलं, असं त्या बेनितोने मला कळवलं होतं. ते मात्र मनातून गेलं नाही माझ्या.”

“सुटलं नाही,” मीच बोललो. “तिने ती कथा नव्याने लिहायला घेतलीय. बटणांपासून सुरू केलीय.”

म्हातारा आमच्याकडे बघत राहिला. पेला हातात तसाच. “बटणांपासून?” तो म्हणाला. “बरं केलं. फार बरं केलं.” आणि तोंड वळवून उगाचच पाण्याच्या थर्मासचं झाकण घट्ट करत बसला.

निघताना निदियाने येरूतीला त्याचा नंबर द्यायची परवानगी मागितली. तो “हो, हो, द्या की,” म्हणाला. परतीच्या वाटेवर निदिया एकदा तेवढं बोलली. “सेल्सो, त्याने माझ्यावर ओरडायला हवं होतं रे.”

येरूतीने कथा पूर्ण करून त्याला पाठवली. तोवर तो ब्वेनोस आयरेसला पोचला होता. उत्तराला बरेच दिवस लागले आणि ते आलं त्याच दुपारी येरूती फोन घेऊन धावत दुकानात आली. तिने स्वतःही ते अजून ऐकलं नव्हतं, एकटीने ऐकायचा धीर होत नव्हता. रोतेलाने लिहिलं नव्हतं, बोलून पाठवलं होतं. निदियाने दुकानाचं दार लोटलं आणि आम्ही तिघांनी फोनभोवती डोकी जमवली.

त्याचा आवाज आला. “येरूती, मुली, कथा वाचली. दोनदा वाचली. आजी ट्रकवाल्याशी भांडताना एका हाताने बटणांचा डबा धरून ठेवते, ते फार चांगलं. ते मी पाहिल्यासारखं वाटलं.” मग घसा साफ केल्याचा आवाज. मागे रस्त्यावरच्या गाड्या. “आता दुसऱ्या पानावर जिथे ती…” आणि तो थांबला. इतका थांबला, की आम्हाला वाटलं बोलणं तुटलं. मग म्हणाला, “नाही. काही नाही. छान आहे, मुली. सगळं छान आहे. फार सुंदर लिहिलंयस. लिहीत राहा.”

येरूतीने दुसरं पान उघडलं. ते तिने आमच्यासमोर वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्याने. “काय असेल?” तिने निदियाला विचारलं. “दुसऱ्या पानावर त्यांना काय खटकलं असेल?”

तिने त्याला लिहून विचारलं. हात जोडून विचारलं, रागावणार नाही असंही लिहिलं. त्याने पुन्हा तेच कळवलं, की सगळं छान आहे. ओसरीवर इतकी वर्षं ज्याला कुणी गोड बोलायला शिकवू शकलं नाही, तो शेवटी शिकला, आणि नेमका या पोरीशी बोलताना.

निदियाने ओसरीवर सगळी हकीकत लिहिली. रोतेलाला काढणं ही आपली चूक होती, हेही लिहिलं आणि नियम बदलले. वाचल्याशिवाय कौतुक करायचं नाही. आणि कुणाला लागलं असं वाटलं, तर आधी त्यालाच विचारायचं. लोकांना ते रुचलं नाही. बेनितो आपली माणसं घेऊन निघून गेला, त्याने दुसरी ओसरी काढली, तिथे म्हणे जुनेच नियम आहेत आणि गर्दी असते. आमच्याकडे आता मोजकी माणसं उरली आहेत. रोतेलाला निदियाने दोनदा बोलावणं पाठवलं. ते त्याने पाहिल्याची खूण येते, तो येत नाही.

निदिया हल्ली दुकान उघडायच्या आधी एक गोष्ट पूर्ण वाचते आणि लिहिणाऱ्याला काहीतरी खरं लिहायचा प्रयत्न करते. तिला ते अजून साधत नाही. चार शब्द लिहिते, खोडते, मला फोन करते. येरूतीच्या दुसऱ्या पानावर आम्ही दोघांनी कितीदा तरी डोकं लावलं. मला वाटतं, आजीच्या तोंडचं ते लांब बोलणं नको होतं. निदियाला वाटतं, पावसाचं वर्णन नको. आम्ही दोन्ही येरूतीला सांगितलं. तिने दोन्ही ऐकून घेतलं, आभार मानले आणि म्हणाली, की तसंही असेल.